मामांची लाल वही

मागच्या मार्चमध्ये मामांनी पूर्णेचं घर आवरायला काढलं. आतल्या खोलीच्या भिंतीला वाळवी लागली होती, ती उकरायची म्हणून सगळं सामान ओसरीत आलं. त्यात दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. मामींचा फोन आला, "तुझ्या मामाचे कामिक हैत गं. भंगारवाला दोन दिस झालं इचारायलाय. तुला पाहिजे तर घिऊन जाय." रविवारी सकाळच्या गाडीनं मी परभणीहून पूर्णेला गेले आणि संध्याकाळी त्या दोन्ही ट्रंका घेऊन घरी आले. ऑटोवाल्यानं विचारलं, "ताई, सोनं हाय का काय?" इतक्या त्या जड होत्या.

मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. एकवीस वर्षं नोंदी करतेय. त्यामुळे ट्रंका उघडल्यावर मनात पहिला विचार वाचनाचा आलाच नाही. यादी करायला हवी, हाच आला. पाच महिने लागले. या पाच महिन्यांत काय चुकलं आणि काय जमलं ते सविस्तर लिहून ठेवते, कारण आपल्या घरांमधून माळ्यावर, दिवाणाखाली अशा ट्रंका अजून पुष्कळ असतील.

आधी मामांबद्दल सांगते. मामा रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे. १९७८ ते १९९४ दर उन्हाळ्यात, शाळा सुटल्या की स्टेशनच्या रस्त्याला लिंबाखाली त्यांचं एक बाकडं लागायचं. मागं दोन खिळ्यांना सुतळी बांधलेली आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी कॉमिक्स लटकवलेली. तिथंच पोत्यावर बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर चार आणे. मामांची रात्रपाळी असली की दिवसा ते स्वतः बसत, नाहीतर मामी बसत. आम्हा भाचरांना फुकट होतं, पण हात धुऊन यायचं आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, ही अट होती. नवीन अंक नांदेडच्या पेपरवाल्याकडून येत. जुन्यासाठी मामा पासवर हैदराबादला जात आणि रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जो जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तिथून पिशवी भरून आणत.

त्यामुळे ट्रंकांमध्ये सगळं मिसळलेलं होतं. इंद्रजाल कॉमिक्स सर्वांत जास्त, तेही मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत. अमर चित्र कथा. चाचा चौधरी. शेवटच्या वर्षांतले नागराज आणि ध्रुव. चांदोबाचे गठ्ठे. आणि तेलुगूतले चंदामामाही, कारण पूर्णा दक्षिण मध्य रेल्वेवर. कॉलनीत तेलुगू बोलणारी कितीतरी घरं होती आणि त्यांची पोरंही मामांचीच गिऱ्हाइकं. ती तेलुगू अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण विक्रम-वेताळाचं चित्र मराठी अंकात असायचं तसंच.

आता कामाचं.

सगळ्यात आधी मी मोबाइलवरचं एक ॲप घेतलं. कॅमेरा बारकोडवर धरायचा की पुस्तकाची सगळी माहिती आपोआप भरते, असं त्यात होतं. पण ट्रंकेतल्या एकाही जुन्या अंकावर बारकोड नव्हता. आपल्याकडे त्या काळी कॉमिक्सवर तो छापतच नसत. मुखपृष्ठाचा फोटो काढून ओळखायची सोयही होती, ती वापरून पाहिली. वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, मराठी अंकाचा फोटो दिला, तर समोर कुठलंतरी भलतंच अमेरिकन पुस्तक आलं. तासाभरात मी ते ॲप काढून टाकलं.

मग कार्यालयात वापरते तसली स्प्रेडशीट घेतली. दोन आठवडे रोज रात्री जेवणं झाल्यावर बसून एकशे चाळीस नोंदी केल्या. एके रात्री फाइल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर मराठीतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. इंग्रजी नावं जिथल्या तिथं, मराठी आणि हिंदी सगळं गेलं. नंतर कारण समजलं. सेव्ह करताना यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत निवडली नाही तर काही प्रोग्राम जुन्या पद्धतीनं अक्षरं साठवतात. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. नुसतं दिसायला चुकीचं असतं तर दुरुस्त करता आलं असतं, इथं मूळ अक्षरच शिल्लक राहत नाही. मी त्या रात्री रडले, हे लिहायला मला काही वाटत नाही. चौदा रात्रींचं काम होतं ते. तुम्ही मराठीत यादी करत असाल तर पहिल्या पाच नोंदी झाल्या की फाइल सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडून बघा. मगच पुढं जा.

यानंतर मी खास कॉमिक्ससाठी केलेली सॉफ्टवेअर बघायला लागले. कॉमिकबेस आहे, सीएलझी कॉमिक्स आहे. ही पैसे देऊन घ्यायची. त्यांची सगळी ताकद तयार माहितीसाठ्यात आहे. तुमच्याकडे मार्व्हल आणि डीसीचे अंक असतील तर नाव आणि नंबर टाकला की लेखक, चित्रकार, मुखपृष्ठ सगळं येतं. तसा संग्रह असेल तर तीच घ्या, हातानं टाइप करत बसू नका. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस म्हणून स्वयंसेवकांनी चालवलेला मोठा माहितीसाठा आहे, १९९४ पासूनचा. त्यात आपली काही कॉमिक्सही सापडतात, पडताळून बघायला मला त्याचा उपयोग झाला. पण मामांच्या ट्रंकेतल्या मराठी अंकांची तयार माहिती मला जशीच्या तशी उचलता येईल अशी कुठं मिळाली नाही. ती आपल्यालाच भरायची आहे, हे एकदा मनानं घेतलं आणि निवड सोपी झाली. तयार माहितीसाठ्याचं वजन गेलं, आता आपले रकाने आपल्याला हवे तसे करता येतात का, एवढंच बघायचं उरलं.

फुकटातली तीन पाहिली: जीसीस्टार, डेटा क्रो आणि टेलिको. टेलिको लिनक्सवरचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येते त्या फुकटच्या प्रणालीवर चालणारं. भाच्याचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर त्यानं कुबुंटू नावाचं लिनक्स टाकून दिलं. टेलिको मी तीन कारणांनी ठेवलं. नवीन संग्रह उघडताना त्यात कॉमिक्सचा प्रकार तयारच असतो. रकान्यांची नावं बदलता येतात, नवे रकाने जोडता येतात, त्यामुळे माझे सगळे रकाने मराठीत आहेत. आणि त्याची फाइल म्हणजे आत साध्या मजकुराची एक्सएमएल असलेली झिप असते. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइल उघडून आतला मजकूर वाचता येईल. एकशे चाळीस नोंदी गमावल्यावर मला ही गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटली.

सॉफ्टवेअर ठरलं. मोठ्या उत्साहानं पहिला गठ्ठा घेतला आणि तिसऱ्याच पुस्तकाला अडले. बहादूरचा एकच अंक, त्याच्या तीन प्रती. एक मराठी, दोन हिंदी. हिंदीतल्या एकीला कव्हर नाही, दुसरीच्या मधल्या पानावर कुणीतरी बहादूरच्या भगव्या कुडत्यावर निळ्या पेनानं गुंड्या काढलेल्या. या तीन नोंदी करायच्या की एक? एक केली तर कुठली प्रत कुठल्या ट्रंकेत, कुठली फाटकी, हे कसं कळणार? तीन केल्या तर उद्या पुस्तक हातात घेतल्यावर ते कोणत्या नोंदीतलं हे कसं ओळखणार?

याचं उत्तर दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी होतं. वर्तमानपत्राखाली लाल कापडी बांधणीची उभी वही. पहिल्या पानावर मामांचं अक्षर: "श्री". त्याखाली आखलेले रकाने. अनुक्रम, नाव, भाषा, कुठून आणलं, किती पैशाला, शेरा. एक ते चारशे सतरा.

मी बहादूरची कव्हर नसलेली प्रत उघडली. आतल्या तिसऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईत बारीक आकडा: २०६. वहीत २०६ काढलं. "बहादूर. हिंदी. आबिड्स. ६० पैसे. कव्हर मूळचंच नाही." दुसरी काढली. तिसऱ्या पानावर, त्याच कोपऱ्यात, २३१. मराठी प्रतीवर १८८. मी एकामागून एक पुस्तकं उघडत गेले. प्रत्येकाच्या तिसऱ्या पानावर आकडा. मामांना नंतर विचारलं, कव्हरवर का नाही लिहिला? ते म्हणाले, "कव्हर आधी फाटतंय. पयलं पान त्येच्या संगट जातंय. तिसरं पान टिकतंय बाई."

ग्रंथालयांमध्ये याला दाखल क्रमांक म्हणतात आणि ज्या वहीत तो लिहितात तिला दाखल नोंदवही. मामांना कुणी शिकवलं नव्हतं. या सगळ्या लिखाणात मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण सुरू करण्याआधी हातातल्या प्रत्येक प्रतीला स्वतःचा एक क्रमांक द्या. प्रकाशकाचा अंक क्रमांक वेगळा, आपला वेगळा. प्रकाशकाचा क्रमांक छापलेल्या सगळ्या प्रतींना मिळून एक असतो. आपला क्रमांक या एका प्रतीचा, जी कुणीतरी साठ पैशाला आबिड्सवरून आणली. तो मऊ शिसपेन्सिलीनं आतल्या पानावर लिहा, शाईनं नको. शाई पुढं मागच्या पानावर उमटते, मामांचे कित्येक आकडे तसे उमटलेत. आणि तोच आकडा सॉफ्टवेअरच्या पहिल्या रकान्यात. मी मामांचेच क्रमांक पुढं चालवले. वहीत नसलेली पुस्तकं ४१८ पासून सुरू केली.

यामुळे सगळं काम सुटसुटीत झालं. आता क्रम लावायची घाई नव्हती. ट्रंकेतून जे वर येईल ते घ्यायचं, तिसरं पान बघायचं, नोंद करायची. वेताळ एकीकडे, मँड्रेक दुसरीकडे असे गठ्ठे आधी लावत बसायची गरज नाही, ते काम सॉफ्टवेअर करतं. टेलिकोत डाव्या बाजूला कुठल्याही रकान्याप्रमाणे गट पाडून दिसतात. मालिकेनुसार म्हटलं की मालिकेनुसार, भाषेनुसार म्हटलं की भाषेनुसार.

पण हे गट नीट पडायचे तर लिहिण्यात शिस्त लागते, आणि मराठीत ही शिस्त आपली आपण पाळावी लागते. माझ्याकडे पहिल्या आठवड्यातच इंद्रजालचे तीन गट झाले. एकदा अनुस्वार देऊन "इंद्रजाल", एकदा "इन्द्रजाल", आणि तिसऱ्यांदा नावापुढं एक जागा जास्त सुटलेली. आपल्या डोळ्याला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळी नावं. हिंदी नावांत ड आणि ढ खालच्या टिंबाची, म्हणजे नुक्त्याचीही तीच गत. नुक्त्यासकट एक अक्षर म्हणून टाइप होतं, नाहीतर अक्षर आणि नुक्ता वेगळे, आणि शोधताना एक सापडतं, दुसरं सुटतं. उपाय सोपा आहे. मालिका, भाषा, प्रकाशक हे रकाने टाइप करायचे ठेवूच नका, निवडीचे करा. टेलिकोत रकान्याचा प्रकार "चॉइस" ठेवला की आधी ठरवलेल्या नावांतूनच एक निवडावं लागतं. माझ्या यादीत आता इंद्रजाल एकच आहे.

आकड्यांचंही असंच. मी सुरुवातीला हौसेनं देवनागरी आकडे टाकत होते. मजकुराच्या रकान्यात आकडे असले की क्रम लावताना एकच्या मागं दहा, मग शंभर, आणि दोन कुठंतरी खाली. म्हणून अंकाचा रकाना आकड्याचाच ठेवायचा, आणि आकडे सगळीकडे एकाच लिपीत. मी इंग्रजी आकडे घेतले. मन थोडं खट्टू झालं, पण मामांचे देवनागरी आकडे तिसऱ्या पानावर आहेतच.

इंद्रजालच्या क्रमांकांनी मात्र मला खरंच दमवलं. हे ज्यांच्याकडे इंद्रजाल आहेत त्यांनी नीट वाचा. मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. सगळे मिळून ८०० च्या आसपास अंक. पहिले बत्तीस वेताळाचेच होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे नंतर आले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला आपला बहादूर आला. ४४३ पर्यंत अंकांना सलग क्रमांक आहेत. पुढं, १९८३ पासून, सलग क्रमांक बंद. त्याऐवजी खंड २०, अंक १ अशी मोजणी, आणि दर वर्षी अंक पुन्हा एकपासून. म्हणजे नुसता अंक क्रमांक लिहिला तर १९६४ चा अंक १ आणि १९८३ चा अंक १ शेजारी येऊन बसतात. मी दोन रकाने वेगळे केले, खंड आणि अंक. शिवाय "सलग क्रमांक" नावाचा तिसरा रकाना, त्यात खंड २० अंक १ म्हणजे ४४४, असं मोजून. क्रम लावायचा तो या तिसऱ्या रकान्यावर.

अमर चित्र कथेत वेगळी अडचण. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे, म्हणून 'कृष्ण' हा अंक अकरावा. पुढं पुनर्मुद्रणाच्या वेळी क्रमांक बदलले आणि तोच 'कृष्ण' ५०१ झाला. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींवर दोन वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका, दोन्ही बरोबर आहेत. प्रतीवर जे छापलंय तेच लिहायचं आणि पुनर्मुद्रण असल्याचं शेऱ्यात नोंदवायचं.

चांदोबाचं काय करायचं, यावर मी आठवडाभर विचार केला. तो कॉमिक नव्हे, मासिक. पण मामांनी तो याच वहीत, याच क्रमांकांच्या ओळीत घेतलाय. लिंबाखाली तोही त्याच सुतळीला लटकत होता. मी तो ठेवला. संग्रह कशाला म्हणायचं हे संग्रह करणाऱ्यानं ठरवायचं असतं, सॉफ्टवेअरनं तयार दिलेल्या नावानं नाही.

चित्रकाराचा रकाना भरायला सुरुवातीला कंटाळा यायचा. बारीक अक्षरं, कधी पहिल्या पानाच्या तळाशी, कधी नावच नाही. तरी जिथं आहे तिथं भरत गेले. एकदा सहज चित्रकारानुसार गट पाडले आणि प्रताप मुळीक या नावाखाली अमर चित्र कथांच्या खाली नागराज दिसला! मी दोन्ही पुस्तकं काढून शेजारी ठेवली. लहानपणी आमच्या घरात अमर चित्र कथा म्हणजे चांगलं वाचन आणि नागराज म्हणजे वेळ फुकट घालवणं, अशी सरळ विभागणी होती. वडील नागराज हातातून काढून घेत. आणि सुरुवातीच्या नागराजची चित्रं काढणारे हात तेच, ज्यांनी आम्हाला पुराणं आणि इतिहास दाखवला. हे तीस वर्षांनी कळलं. तेव्हापासून चित्रकाराचा रकाना मी एकाही पुस्तकाचा मोकळा सोडत नाही. नाव छापलेलं नसेल तर "नाव नाही" असं लिहिते. म्हणजे बघितलंय आणि नाही, हे कळतं.

अवस्थेसाठी अमेरिकेत दहा गुणांची मोजपट्टी वापरतात. मला विकायचं नाही, म्हणून माझी मोजपट्टी चारच शब्दांची: पक्की, ठीक, पानं सुटी, कव्हर नाही. किमतीचा रकाना मी काढून टाकला. फक्त मामांनी वहीत लिहिलेले पैसे ठेवलेत, "किती पैशाला" याच नावानं.

फोटो मोबाइलनंच काढले. सकाळी आठच्या आत, गच्चीच्या दारात, सावलीत. ऊन थेट पडलं की कव्हर चकाकतं. फोटोच्या फाइलला नाव म्हणजे दाखल क्रमांक, दुसरं काही नाही. टेलिकोत चित्रं डेटा फाइलच्या आत ठेवता येतात किंवा शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. वेगळी ठेवा, नाहीतर फाइल फार मोठी होते आणि जुना लॅपटॉप दम टाकतो.

जपणुकीबद्दल थोडं, कारण परभणीचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, आंबट होत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. उष्णतेनं हे लवकर होतं, म्हणून माळा नको, पत्र्याच्या छताखालची खोली तर नकोच. पीव्हीसीच्या पिशव्या घेऊ नका, त्या कागदाला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. गंजलेल्या पिना मी काढल्या आणि पांढऱ्या सुती दोऱ्यानं दोन टाके घातले. सुट्या पानांना चिकटपट्टी अजिबात लावू नका. मामांनी १९८५ च्या सुमारास लावलेल्या पट्ट्या आता सुटल्यात आणि खाली तपकिरी डाग राहिलेत. कसर लागू नये म्हणून मामी लिंबाचा पाला वाळवून घालत. मी अजून घालते, पण कागदाला थेट लागणार नाही असा, पातळ कापडात बांधून.

टेलिकोत पुस्तक कुणाला दिलं, कधी दिलं, परत कधी यायचंय हे नोंदवायची सोय आहे. माझ्यासाठी हा सगळ्यात आनंदाचा भाग ठरला. मे महिन्यात गल्लीतली पोरं कॉमिक्स बघायला आली. पक्क्या अवस्थेतले काही अंक मी त्यांना वाचायला दिले. प्रत्येकाचं नाव नोंदवलं, परतीची तारीख टाकली. पैसे नाहीत. हात धुऊन यायचं, एवढंच.

फाइलच्या प्रती तीन आहेत: लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, आणि एक भाच्याकडं पुण्याला. दर रविवारी.

जुलैच्या शेवटी सगळ्या नोंदी झाल्या. वहीतल्या ४१७ पैकी ३५८ सापडल्या, वहीत नसलेल्या ४६ निघाल्या. पोळ्याला पूर्णेला गेले तेव्हा मोठ्या अक्षरात छापलेली यादी सोबत नेली, आणि लाल वहीही. मामांनी भिंग घेतलं. ओसरीत बसून वही मांडीवर, यादी जमिनीवर, बोटानं ओळ पकडून एकेक ताडून बघायला लागले. मामींनी दोनदा जेवायला हाक मारली.

वहीच्या शेवटच्या पानांवर मामांनी इंद्रजालचा वेगळा पडताळा ठेवलाय. एक ते ४४३ आकडे ओळीनं लिहिलेले, आणि जो अंक मिळाला त्याला गोल. गोल नसलेले पुष्कळ आहेत. पण ११८ ते १३० ही ओळ जवळजवळ भरलेली, फक्त १२३ आणि १२४ मोकळे. त्यांच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: "आबिड्स बघणे ८१." त्याखाली "पुन्हा बघणे ८३." त्याखाली "८६".

मामांचं बोट तिथं थांबलं. "ही दोन तुझ्या यादीतबी न्हाईत."

"मामा, ते अंक निघालेच नाहीत," मी म्हणाले. "मी संग्राहकांच्या याद्या बघितल्या. छापणाऱ्यांकडं संप झाला होता. १२३ आणि १२४ नंबर सोडून पुढं १२५ काढला त्यांनी."

मामा बराच वेळ वहीकडं बघत राहिले. "छापलंच न्हाई?"

"नाही."

"मंग मी तीन बारीला कशाला धुंडाळलं आबिड्स," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "आमचाबी झाला व्हता. चौऱ्याहत्तरला. वीस दिस. एक गाडी हलली न्हाई यार्डातून." १९७४ च्या मे महिन्यातल्या त्या रेल्वे संपात मामा नोकरीत नवीन होते, एवढं मला आईकडून माहीत होतं. ते त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

त्यांनी पेन मागितलं. माझ्या पर्समध्ये पतसंस्थेतलं लाल पेन होतं, ते दिलं. १२३ आणि १२४ भोवती त्यांनी गोल काढला नाही. दोन्ही आकड्यांवरून एक सरळ आडवी रेघ ओढली, शेजारी लिहिलं "संप", खाली तारीख टाकली आणि वही माझ्याकडं दिली. "तुझ्या त्या मशिनीतबी तसंच लिव्ह," म्हणाले, आणि जेवायला उठले.